सॉफ्टवेअर-सुरक्षा : पारंपरिक व विकासांतर्गत पद्धती

सॉफ्टवेअर-सुरक्षा : संगणकाच्या आज्ञावलीतील दोषांचा गैरफायदा घेऊन कोणालाही अनधिकृतपणे माहिती वाचता, बदलता वा नष्ट करता येऊ नये, तसेच यंत्रणेचे काम बंद पाडता येऊ नये, यासाठी योजलेल्या उपायांना ही संज्ञा लावतात. हे उपाय केव्हा योजले जातात, यावरून त्यांचे दोन वर्ग पडतात. आज्ञावली लिहून पूर्ण झाल्यावर तिची चाचणी घेणे, तीत सापडलेली छिद्रे बुजविणे व तिच्याभोवती पहारा बसविणे हे उपाय पहिल्या वर्गात येतात. त्यांना पारंपरिक पद्धत म्हणतात. दुसऱ्या वर्गात गरजांची नोंद, आराखडा, लेखन, चाचणी व वितरण ह्या विकासाच्या प्रत्येक टप्प्यातच सुरक्षेचा विचार अंतर्भूत केलेला असतो. तिला विकासांतर्गत पद्धत म्हणता येईल. ह्या नावांमुळे दुसरी पद्धत अलीकडे शोधली गेली, असा समज होतो. तो बरोबर नाही. तिची तत्त्वे १९७२ साली लेखी मांडली गेली होती आणि व्यापारी सॉफ्टवेअरमध्ये ती मोठ्या प्रमाणावर येण्यास २००२ साल उजाडावे लागले. मधला तीस वर्षांचा विलंब तांत्रिक अज्ञानामुळे झालेला नाही. दोषाची किंमत कोणी व केव्हा भरावयाची, ह्या प्रश्नाचे उत्तर जसजसे बदलत गेले, तसतशी निवडही बदलत गेली. हा वाद प्रथम अमेरिकेच्या संरक्षण खात्यात व नंतर तेथील व्यापारी कंपन्यांत घडला असल्याने प्रस्तुत नोंदीत मुख्यतः तेथील घटनांचा परामर्श घेतला आहे.

प्रारंभ : १९६० पूर्वी एका वेळी एकच आज्ञावली संगणकावर चाले. खोलीला कुलूप लावले व चालकावर विश्वास टाकला, की सुरक्षेचा प्रश्न सुटे. १९६० नंतरच्या दशकात कालविभाजन पद्धती प्रचारात आली व एकाच यंत्रावर अनेक जण दूरच्या टंकयंत्रांवरून एकाच वेळी काम करू लागले. एकाची माहिती दुसऱ्यापासून राखण्याची जबाबदारी आता कुलपाकडून प्रचालन प्रणालीकडे, म्हणजे यंत्राचा एकंदर कारभार पाहणाऱ्या आज्ञावलीकडे आली. संरक्षण खात्यापुढे ही अडचण विशेष तीव्र होती. कारण गोपनीयतेच्या वेगवेगळ्या पातळ्यांचे अधिकारी एकच महागडे यंत्र वापरू इच्छित होते. रँड संस्थेतील विलिस वेअर यांच्या अध्यक्षतेखाली १९६७ साली एक कार्यगट नेमण्यात आला व त्याचा अहवाल फेब्रुवारी १९७० मध्ये सादर झाला. तत्कालीन तंत्रविद्येच्या आधारे खुल्या वातावरणात विश्वसनीय सुरक्षा देता येणार नाही, असे त्याचे स्पष्ट मत होते. हा अहवाल स्वतःच गोपनीय ठरविण्यात आल्याने ज्यांनी तो वाचावयास हवा होता, त्यांतील बहुतेकांच्या हाती तो १९७५ पर्यंत पडला नाही.

दरम्यान एक व्यावहारिक उपाय रूढ झाला होता. कुशल तज्ज्ञांचे एक पथक नेमावयाचे, त्याने प्रणालीत घुसण्याचा प्रयत्न करावयाचा आणि त्याला सापडलेल्या वाटा एकामागून एक बुजवावयाच्या. अशा पथकांना 'टायगर टीम' म्हणत. ही पथके जवळजवळ प्रत्येक प्रणालीत शिरू शकली. परंतु छिद्रे बुजविल्यानंतर दुसऱ्या पथकालाही शिरता येई. हल्लेखोराला एकच वाट पुरते व रक्षणकर्त्याला मात्र सर्व वाटा माहीत असाव्या लागतात, ही ह्या पद्धतीतील मूलभूत विषमता तेव्हाच लक्षात आली. शिवाय प्रत्येक ठिगळ ही नवी आज्ञावलीच असल्यामुळे तीतून नवे दोष शिरण्याचा संभव असतोच.

अमेरिकी हवाई दलासाठी जेम्स पी. अँडरसन यांनी ऑक्टोबर १९७२ मध्ये तयार केलेल्या अहवालाने यावर निर्णायक टीका केली. 'घुसा आणि ठिगळ लावा' ह्या मार्गाने सुरक्षित प्रणाली कधीच मिळणार नाही, सुरक्षा ही आराखड्यातच असावयास हवी, हे त्याचे प्रतिपादन होते. माहितीची प्रत्येक मागणी तपासणारा एक पहारेकरी प्रणालीच्या गाभ्यात असावा, त्याला चुकवून जाता येऊ नये, त्याच्यात कोणाला ढवळाढवळ करता येऊ नये, आणि त्याची अचूकता पूर्णपणे तपासता येईल इतका तो लहान असावा, अशा अटी अहवालात घातल्या आहेत. ह्यांतील अखेरची अट सर्वांत महत्त्वाची होय. कारण तीत सुरक्षेचा संबंध पहाऱ्याच्या कडकपणाशी जोडलेला नसून रचनेच्या साधेपणाशी जोडला आहे. पुढे १९७५ साली जेरोम सॉल्ट्झर व मायकेल श्रोडर यांनी मॅसॅचूसेट्स तंत्रविद्यालयातील अनुभवावरून आराखड्याची आठ तत्त्वे सांगितली. प्रत्येक आज्ञावलीला तिच्या कामापुरतेच किमान अधिकार द्यावेत, स्पष्ट परवानगी नसेल तेव्हा नकार द्यावा आणि सुरक्षा आराखड्याच्या गुप्ततेवर अवलंबून ठेवू नये ही त्यांतील काही. आज विकासांतर्गत पद्धतीच्या प्रशिक्षणात जी तत्त्वे शिकविली जातात, ती बहुतांशी हीच आहेत.

मल्टिक्सचे परीक्षण : सिद्धांत व व्यवहार यांची गाठ पडली ती मल्टिक्स ह्या प्रणालीच्या बाबतीत. मॅसॅचूसेट्स तंत्रविद्यालय, बेल प्रयोगशाळा व जनरल इलेक्ट्रिक ही कंपनी यांनी १९६५ पासून उभारलेली ही कालविभाजन प्रणाली त्या काळातील सर्वांत काळजीपूर्वक बांधलेली होती; सुरक्षा हे तिच्या मूळ उद्दिष्टांपैकी एक होते. पेंटॅगॉनमध्ये ती वापरता येईल काय, हे पाहण्यासाठी हवाई दलातील पॉल कार्गर व रॉजर शेल यांनी तिचे परीक्षण केले व १९७४ मध्ये त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला. मल्टिक्स ही तत्कालीन इतर प्रणालींपेक्षा पुष्कळच चांगली आहे, तरीही हेतुपुरस्सर केलेल्या हल्ल्यापुढे ती टिकत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. यंत्राच्या संरक्षण-मंडलांची सतत परीक्षा घेणारी एक छोटी आज्ञावली त्यांनी चालवून ठेवली होती. सुमारे १,१०० तासांच्या कामात तिने यंत्ररचनेतच दडलेला एक मार्ग उघड केला. म्हणजे दोष सॉफ्टवेअरपुरता मर्यादित नव्हता.

ह्या परीक्षणातील खरा धक्कादायक भाग वेगळाच आहे. परीक्षकांनी मल्टिक्सच्या मूळ आज्ञावलीत एक चोरदरवाजा बसविला. किल्ल्याच्या तटात बांधणाऱ्यालाच ठाऊक असलेली दिंडी असावी, तशी ती वाट होती. सुमारे एक लाख आज्ञांपैकी दहाहूनही कमी आज्ञांत ती मावली होती आणि ती उघडण्यास परवलीचा शब्द लागे. मूळ प्रतीतच शिरल्यामुळे उत्पादकाकडूनच ती सर्व मल्टिक्स केंद्रांवर आपोआप पोचली. चोरदरवाजा आहे, तो असा चालतो, हे सांगितल्यानंतरही उत्पादकाच्या तज्ज्ञांना तो शोधता आला नाही. तयार मालाची कितीही कसून तपासणी केली, तरी तीतून सुरक्षेची हमी मिळत नाही, याचा याहून स्वच्छ पुरावा क्वचितच सापडेल. संकलकात, म्हणजे मानवाने लिहिलेल्या आज्ञांचे यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या आज्ञावलीत, असाच दरवाजा बसविता येईल व मग मूळ मजकुरात त्याची खूणही उरणार नाही, हेही अहवालात नमूद होते. युनिक्स प्रणालीचे एक जनक केन टॉम्सन यांनी १९८४ साली ट्युरिंग पारितोषिकाच्या भाषणात ही कल्पना विस्ताराने मांडली, तेव्हा ती सर्वत्र गाजली. तिचा उगम हवाई दलाच्या एका अहवालात असल्याचे त्यांनीच नमूद केले आहे.

नारिंगी ग्रंथ व त्याचे अपयश : विकासांतर्गत पद्धतीला पहिले शासकीय रूप १५ ऑगस्ट १९८३ रोजी मिळाले. संरक्षण खात्याने त्या दिवशी विश्वसनीय संगणक-प्रणालींच्या मूल्यमापनाचे निकष प्रसिद्ध केले. वेष्टनाच्या रंगावरून हा ग्रंथ 'नारिंगी ग्रंथ' म्हणून ओळखला जातो. त्यात डी पासून ए१ पर्यंत चढत्या श्रेणी होत्या. सी श्रेणीत मुख्यतः कोणत्या सुविधा आहेत हे पाहिले जाई. बी२ पासून पुढे प्रणाली कशी घडविली, तिचा आराखडा कसा मांडला, यास महत्त्व होते. ए१ साठी आराखड्याची गणिती पडताळणी आवश्यक होती. हनीवेल कंपनीच्या स्कॉम्प ह्या प्रणालीस ए१ आणि मल्टिक्सला १९८५ मध्ये बी२ श्रेणी मिळाली.

तथापि ही योजना व्यापारात रुजली नाही. डिजिटल इक्विपमेंट कंपनीचा अनुभव ह्या दृष्टीने बोलका आहे. तिने व्हॅक्स संगणकासाठी ए१ श्रेणीचा सुरक्षा-गाभा बांधण्याचे काम १९८१ मध्ये हाती घेतले. मल्टिक्सचे परीक्षक कार्गर ह्या प्रकल्पात होते आणि हवाई दलाच्या सुरुवातीच्या कार्याशी मायटर संस्थेत असताना निगडित असलेले स्टीव्हन लिपनर यांच्याकडे त्याचे व्यवस्थापन होते. सुमारे नऊ वर्षांनंतर गाभा तयार झाला, तो प्रत्यक्ष चालला, काही ठिकाणी चाचणीसाठीही दिला गेला आणि १९९० मध्ये विक्रीस येण्यापूर्वीच कंपनीने प्रकल्प रद्द केला. पुरेसे ग्राहक नव्हते. प्रत्येक बदलानंतर पडताळणी नव्याने करावी लागे. तितक्या अवधीत ग्राहकांच्या अपेक्षा पुढे सरकत. खालच्या श्रेणीतही हेच दिसते. विंडोज एनटीची चौथी आवृत्ती १९९६ मध्ये बाजारात आली व तिला सी२ श्रेणी मिळाली ती १९९९ च्या अखेरीस. तिची पुढील आवृत्ती त्या वेळी विक्रीच्या उंबरठ्यावर होती. नारिंगी ग्रंथाचे अभिमानी त्याच्या अपयशाचे खापर बाजारावर फोडतात. ते पूर्णपणे न्याय्य वाटत नाही. अचूक, परंतु दहा वर्षे उशिरा मिळणारी प्रणाली वापरणाऱ्याच्या दृष्टीने न मिळाल्यासारखीच असते, हे ह्या योजनेच्या कर्त्यांनी हिशेबात धरले नव्हते.

ठिगळांचे युग : दुसऱ्या बाजूस पारंपरिक पद्धतीला एका अपघाताने संस्थात्मक बळ दिले. २ नोव्हेंबर १९८८ रोजी कॉर्नेल विद्यापीठातील रॉबर्ट टॅपन मॉरिस ह्या विद्यार्थ्याने इंटरनेटवर सोडलेली स्वयंप्रसारी आज्ञावली, म्हणजे कृमी, हजारो संगणकांत पसरली. त्या वेळी जाळ्याला जोडलेल्या सुमारे ६०,००० संगणकांपैकी ६,००० बाधित झाले, असा अंदाज करण्यात आला होता. तिने वापरलेल्या मार्गांपैकी एक पुढील दोन दशकांच्या इतिहासाची किल्ली असल्याने तो थोडा विस्ताराने सांगणे अवश्य आहे. फिंगर ह्या सेवेची आज्ञावली बाहेरून आलेली ओळ ठेवण्यासाठी स्मृतीत ५१२ बाइटांची जागा राखून ठेवी. पण येणारी ओळ त्या जागेत मावते की नाही, हे ती पाहत नसे. कृमी तिला ५३६ बाइटांची ओळ पाठवी. जादा अक्षरे शेजारच्या जागेत सांडत, तेथे नोंदलेला परतीचा पत्ता पुसला जाई व त्या ठिकाणी कृमीने दिलेला पत्ता बसे. मग संगणक स्वतःचे काम सोडून कृमीच्या आज्ञा पाळू लागे. ह्या प्रकारच्या दोषाचे वर्णन अँडरसन यांच्या १९७२ च्या अहवालात आलेले आहे. मल्टिक्स ज्या पीएल/१ भाषेत लिहिली होती, तीत अक्षरमालेची लांबी भाषाच सांभाळत असल्याने तेथे हा दोष सहसा उद्भवत नसे. युनिक्सबरोबर प्रसार पावलेल्या सी ह्या भाषेत ती काळजी लिहिणाऱ्यावर सोपविलेली असते.

मॉरिसला १९९० मध्ये न्यायालयाने तीन वर्षांची परिवीक्षा, ४०० तासांची समाजसेवा व दंड अशी शिक्षा दिली. त्याचे वडील रॉबर्ट मॉरिस नारिंगी ग्रंथ राबविणाऱ्या राष्ट्रीय संगणक-सुरक्षा केंद्राचे मुख्य शास्त्रज्ञ होते, हा एक विलक्षण योगायोग होय. ह्या घटनेनंतर लगेचच, नोव्हेंबर १९८८ मध्येच, पिट्सबर्ग येथील कार्नेगी-मेलन विद्यापीठात दोषांची नोंद घेऊन दुरुस्तीचे सूत्रसंचालन करणारे सर्ट हे केंद्र स्थापन झाले. पुढे अनेक देशांनी त्याचे अनुकरण केले. भारतातील सर्ट-इन जानेवारी २००४ मध्ये कार्यान्वित झाली. ही केंद्रे उपयुक्तच आहेत. परंतु त्यांच्यामुळे दोष सापडणे, ठिगळ निघणे व ते लावणे ही कायमची चाकोरी आहे, हे गृहीत धरले गेले. तिच्या जोडीला फायरवॉल व विषाणुरोधक सॉफ्टवेअर यांचा उद्योग उभा राहिला. पुण्यात संगणक-दुरुस्तीच्या व्यवसायातून कैलास व संजय काटकर ह्या बंधूंनी १९९० नंतरच्या दशकात उभे केलेले क्विक हील हे त्याचे मराठी वाचकांना परिचित असलेले उदाहरण होय.

ही चाकोरी इतकी टिकली, याचे कारण अर्थशास्त्रात शोधावे लागते. केंब्रिज विद्यापीठातील रॉस अँडरसन यांनी २००१ मध्ये ते नेमके दाखविले. बाजारात प्रथम येणाऱ्याला सर्वाधिक लाभ होतो. सुरक्षा ग्राहकाला विकत घेताना दिसत नाही, सुविधा दिसतात. आणि दोषामुळे होणारे नुकसान सॉफ्टवेअर विकणाऱ्याला सोसावे लागत नाही, कारण परवान्याच्या अटींतच तो जबाबदारी नाकारतो. अशा स्थितीत माल लवकर बाहेर काढून मागाहून ठिगळे पुरविणे हा विक्रेत्याच्या दृष्टीने शहाणपणाचाच मार्ग ठरतो. ह्या संदर्भात दोष उशिरा दुरुस्त केल्यास शंभरपट खर्च येतो, हे विधान वारंवार केले जाते. त्याचा आधार बॅरी बोएम यांचा १९८१ चा ग्रंथ होय. पण त्यातच लहान प्रकल्पांसाठी हे प्रमाण चौपटीच्या आसपास दिलेले आहे आणि मूळ आकडे १९७० नंतरच्या दशकातील मोठ्या प्रकल्पांचे आहेत. विकासांतर्गत पद्धतीच्या पुरस्कर्त्यांनी ही संख्या सरसकट वापरू नये.

निर्णायक वळण : १९ जुलै २००१ रोजी कोड रेड ह्या कृमीने चौदा तासांच्या आत साडेतीन लाखांहून अधिक संगणक बाधित केले. तिला लागणारा दोष मायक्रोसॉफ्टच्या आयआयएस ह्या सेवेत होता व त्यावरील ठिगळ एक महिना आधीच प्रसिद्ध झाले होते. सप्टेंबरमध्ये निमडा ही दुसरी कृमी आली आणि गार्टनर ह्या सल्लागार संस्थेने ग्राहकांना आयआयएसऐवजी अन्य पर्यायांचा विचार करण्यास सुचविले. सुरक्षेच्या कारणासाठी मोठे ग्राहक गमावण्याचा धोका कंपनीपुढे प्रथमच इतक्या उघडपणे उभा राहिला. १५ जानेवारी २००२ रोजी बिल गेट्स यांनी सर्व कर्मचाऱ्यांना पाठविलेल्या पत्रात नवी सुविधा व सुरक्षा यांत निवड करावी लागल्यास सुरक्षेला अग्रक्रम द्यावा, असा आदेश दिला. त्यानंतर विंडोज विभागातील सुमारे ८,५०० जणांचे नेहमीचे काम थांबविण्यात आले. त्यांना प्रशिक्षण दिले गेले, आराखड्यावरून संभाव्य हल्ल्यांची मांडणी करून घेण्यात आली व आज्ञावलीचा जुना मजकूर पुन्हा वाचण्यात आला. ह्या प्रयत्नांच्या अग्रभागी मायकेल हॉवर्ड व लिपनर होते; १९७२ च्या वर्तुळातील व व्हॅक्स प्रकल्पाचा शेवट पाहिलेले हेच ते लिपनर. ए१ चा ध्यास त्यांनी येथे धरला नाही. गणिती सिद्धता बाजूला ठेवून, ठराविक वेळात बसतील अशा मोजक्या सक्तीच्या पायऱ्या त्यांनी निवडल्या : प्रशिक्षण, धोक्यांची मांडणी, घातक आज्ञांवर बंदी, यांत्रिक तपासणी, वितरणापूर्वीचा अंतिम आढावा. २००४ पासून कंपनीने ही पद्धत सक्तीची केली.

तिची गरज किती होती, हे लवकरच दिसले. २५ जानेवारी २००३ रोजी स्लॅमर ही अवघ्या ३७६ बाइटांची कृमी सुटली. सुरुवातीस तिची संख्या दर साडेआठ सेकंदांनी दुप्पट होत होती आणि दहा मिनिटांत दोषयुक्त संगणकांपैकी सुमारे नव्वद टक्के तिने गाठले. ओहायओतील डेव्हिस-बेसी ह्या त्या वेळी बंद असलेल्या अणुवीजकेंद्रातील सुरक्षा-मापांचा दर्शक तिच्यामुळे जवळजवळ पाच तास निकामी झाला. ह्या दोषावरील ठिगळ जुलै २००२ पासून, म्हणजे सहा महिने, उपलब्ध होते. ते अनेकांनी लावले नव्हते, याला केवळ हलगर्जीपणा म्हणता येणार नाही. हा डेटाबेस इतर अनेक आज्ञावल्यांच्या पोटात बसविलेला होता व आपल्या यंत्रात तो आहे, हेच पुष्कळांना ठाऊक नव्हते. मायक्रोसॉफ्टचे स्वतःचे अंतर्गत जाळेही बाधितांत होते. दहा मिनिटांत संपणाऱ्या हल्ल्यापुढे माणसाने ठिगळ लावण्याचा वेग ही गोष्टच गैरलागू ठरते.

नव्या पद्धतीचे फळ मोजता येण्यासारखे होते. विंडोज सर्व्हर २००३ ही प्रणाली एप्रिल २००३ मध्ये आली. बाजारात आल्यानंतरच्या समान कालखंडात गंभीर व महत्त्वाच्या सुरक्षा-सूचनांची संख्या विंडोज २००० साठी ६२, तर हिच्यासाठी २४ होती. कंपनीनेच दिलेले हे आकडे असले, तरी सूचना जाहीर असल्याने ते पडताळून पाहता येतात. मार्च २००३ मध्ये विंडोज २००० मध्ये उघडकीस आलेला वेबडॅव्हचा दोष येथे विशेष सांगण्यासारखा आहे. नव्या प्रणालीला त्याची बाधा झाली नाही. दोषयुक्त मजकूर सुधारलेला होताच. पण तो सुधारला नसता, तरी ती सेवा आता आपोआप सुरू होत नव्हती व सुरू केली तरी तिला कमी अधिकार होते. सॉल्ट्झर व श्रोडर यांची तत्त्वे अठ्ठावीस वर्षांनी अशी कामास आली. याउलट ऑगस्ट २००३ मधील ब्लास्टर कृमीने वापरलेला दोष नव्या प्रणालीतही शिल्लक होता. हजारो जणांनी केलेल्या फेरवाचनातून तो निसटला होता. ऑक्टोबर २००३ पासून कंपनीने ठिगळांसाठी महिन्यातील एक मंगळवार निश्चित केला. विकासांतर्गत पद्धत आली, तिने ठिगळे कमी केली. ती संपविली नाहीत.

पुढील काळ : २०१० नंतर सॉफ्टवेअर वर्षातून एकदा प्रसिद्ध करण्याऐवजी दिवसातून अनेकदा बदलण्याची प्रथा पडली. अंतिम आढाव्यासाठी थांबण्यास अवकाशच उरला नाही व तपासणीच्या पायऱ्या बांधणीच्या यांत्रिक साखळीत बसविण्यात आल्या. हा बदल सोयीचा आहे, परंतु यंत्राला ओळखता येणारे दोष आणि आराखड्यातील चुका यांत फरक आहे. चुकीच्या व्यक्तीला अधिकार देणारी आज्ञावली व्याकरणदृष्ट्या निर्दोष असू शकते. पुणे-मुंबई परिसरातील सेवा-कंपन्या परदेशी ग्राहकांसाठी करारान्वये सॉफ्टवेअर लिहितात. तेथे ही निवड लिहिणाऱ्याच्या हाती फारशी नसते. करारात सुरक्षा-चाचणी हे शेवटचे स्वतंत्र कलम असेल, तर आराखड्याच्या वेळी त्यासाठी वेळ मागणे अवघड जाते.

भाषेच्या निवडीतून मिळणारा लाभ मात्र निर्विवाद दिसतो. दरवर्षी आढळणाऱ्या दोषांपैकी सुमारे ७० टक्के स्मृतीच्या गैरवापराचे असतात, असे मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये जाहीर केले. फिंगर सेवेतील दोष ह्याच जातीचा होता. गूगलने अँड्रॉइडमधील नवा मजकूर रस्ट यासारख्या सुरक्षित भाषांत लिहिण्यावर भर दिल्यानंतर तेथील अशा दोषांचे प्रमाण २०१९ मधील ७६ टक्क्यांवरून २०२४ मध्ये २४ टक्क्यांवर आले. जुना मजकूर सरसकट बदलण्याची गरज पडली नाही, हे विशेष.

चोरदरवाजाचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. डिसेंबर २०२० मध्ये उघड झालेल्या प्रकरणात हल्लेखोरांनी सोलरविंड्स कंपनीच्या बांधणी-यंत्रणेतच शिरकाव केला व तिच्या अधिकृत, स्वाक्षरीयुक्त अद्ययावत प्रतीतून चोरदरवाजा सुमारे १८,००० ग्राहकांपर्यंत गेला. ज्यांनी तत्परतेने नवी प्रत बसविली, तेच सापडले. मल्टिक्सच्या परीक्षकांनी शेहेचाळीस वर्षांपूर्वी प्रयोगादाखल केलेली हीच गोष्ट होती. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड ह्या दाबन-साधनात असाच दरवाजा आढळला. दीर्घकाळ विश्वास संपादन केलेल्या एका सहभागी व्यक्तीने तो बसविला होता. आंद्रेस फ्रॉइंड ह्या अभियंत्याला संगणकात शिरण्यास अर्ध्या सेकंदाचा जादा वेळ लागत असल्याचे खटकले, म्हणून तो सापडला. कोणत्याही ठरीव तपासणीतून नव्हे.

दोषाचा खर्च वापरणाऱ्याकडून घडविणाऱ्याकडे नेण्याचे प्रयत्न आता कायद्याच्या मार्गाने होत आहेत. १२ मे २०२१ च्या अध्यक्षीय आदेशाने अमेरिकी शासनाला सॉफ्टवेअर विकणाऱ्यांकडून सुरक्षित विकासपद्धतीची ग्वाही मागण्यात आली. २०२५ मध्ये त्यासंबंधीच्या काही अटी शिथिल झाल्या. भारतात सर्ट-इनने ऑक्टोबर २०२४ मध्ये सॉफ्टवेअरच्या घटकांची यादी कशी ठेवावी, याविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. स्लॅमरच्या वेळी नेमकी हीच यादी कोणाजवळ नव्हती. युरोपीय संघाचा सायबर प्रतिकारक्षमता कायदा १० डिसेंबर २०२४ रोजी अस्तित्वात आला असून त्यातील मुख्य बंधने ११ डिसेंबर २०२७ पासून लागू होण्याची तरतूद आहे. अंकीय घटक असलेली वस्तू बाजारात आणणाऱ्याने तिची सुरक्षा आराखड्यापासून सांभाळावी व विक्रीनंतरही ठरावीक काळ दोष दूर करीत राहावे, असे तो सांगतो. दोन्ही पद्धती त्यात एकाच जबाबदारीखाली आणल्या आहेत. नफ्याविना खुले सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांना त्यातून वगळण्यात आले आहे. डिसेंबर २०२१ मध्ये जगभर हाहाकार उडविणारा दोष ज्यात निघाला, तो लॉग४जे हा घटक अशाच स्वयंसेवकांनी सांभाळलेला होता.